आयजीजीची एकटी रेघ

"मॅडम, डेंग्यू निगेटिव्हच म्हणायचं ना? हा जुना दिसतोय."

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या टेक्निशियननं कार्ड पुढे धरलं. एनएस-१ म्हणजे विषाणूचं प्रथिन, आयजीएम ही आजारात आधी येणारी अँटिबॉडी, आयजीजी तिच्यामागून येणारी आणि टिकून राहणारी. एनएस-१ ची खिडकी कोरी, आयजीएमची कोरी, आयजीजीपाशी मात्र ठसठशीत रेघ. काउंटरवर अजून तीसेक नमुने पडून होते. मी मान हलवली आणि रिपोर्ट गेला. एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. छापलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ "डेंग्यू नाही" असा लावला, आणि तो तसा लागू नये यासाठी मी काहीच लिहिलं नव्हतं.

लातुरात छोटी लॅब चालवताना पावसाळ्याचे शेवटचे दोन महिने असेच जातात. हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय, कारण त्या एका रेघेत प्रतिकारशक्तीचं सगळं कामकाज दिसतं, आणि ती रेघ चुकीची वाचली गेली तर माणूस दगावू शकतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी, वसतिगृह आणि निळा ड्रम

मुलगी १८ वर्षांची, वजन ४६ किलो. बारावी होऊन नीटसाठी एक वर्ष थांबलेली. वडिलांची औसा तालुक्यात कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. ट्यूशन एरियातल्या वसतिगृहात एका खोलीत चौघी. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून जिन्याखाली पाण्याचा निळा ड्रम, त्यावर अर्धवट झाकण.

सोमवारी पहाटे थंडी वाजून ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर-पाठ मोडून आलेली. मंगळवारी जवळच्या एका दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही. तापाच्या साथीत हे इंजेक्शन किंवा आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका त्यानं वाढतो. पॅरासिटामॉल पुरेसं असतं.

शुक्रवारी, म्हणजे तापाच्या पाचव्या दिवशी, ती मैत्रिणीबरोबर माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन १२.८, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ३९ टक्के, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ८८,०००. रात्री ताप उतरला. वसतिगृहातल्या काकूंनी मऊ खिचडी करून घातली, मैत्रिणींनी घरी फोन करून बरं असल्याचं कळवलं. ताप उतरला की माणूस बरं झालं, हे आपल्या मनात फार खोल बसलंय. डेंग्यूत नेमकं उलटं असतं. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात जास्त जपायचे.

शनिवारी दुपारी गावाकडून आई आली. लेकीला काखेत हात घालून उभं केलेलं. "पोट लई दुखायलंय मॅडम, सकाळपून चार बार उलटी झाली. अंग गार पडलंय लेकराचं." ताबडतोब रक्त घेतलं. हिमॅटोक्रिट ४७, प्लेटलेट ३४,०००, पांढऱ्या पेशी ७,४००.

प्लेटलेटचा आकडा बघून सगळे घाबरतात. मला त्या कागदावर ४७ नं घाबरवलं. रात्रीतून कुणाच्या अंगात तांबड्या पेशी वाढत नाहीत. पेशी तेवढ्याच राहिल्या आणि त्यांच्या भोवतालचं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपलं, म्हणून रक्त दाट झालं. ३९ वरून ४७ म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ. रिपोर्ट छापायची वाट न बघता मी रुग्णालयाला फोन लावला, आणि रिक्षात बसवून दोघींना तिकडे पाठवलं.

शनिवारची काच

रिक्षा गेल्यावर मी काच ओढायला बसले, म्हणजे भिंगाखाली बघण्यासाठी रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरायला. एका दिवसात पांढऱ्या पेशी अडीचपट झाल्या होत्या आणि मशीननं लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रकान्यापुढे खूण टाकली होती. अशी खूण दिसली की मशीनवर विसंबून राहायचं नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचं. लीशमनचा रंग घातला, बफर घातलं, धुऊन काच पंख्याखाली वाळवली.

एरवी रक्तात फिरणारी लिम्फोसाइट म्हणजे तांबड्या पेशीपेक्षा जराशी मोठी, जवळजवळ सगळी केंद्रकानंच भरलेली, कडेला फिकट निळी किनार. इथे तेलाच्या भिंगाखाली दिसत होत्या त्या दुपटी-तिपटीनं मोठ्या. पेशीद्रव गर्द निळा, धोतराला नीळ जास्त झाल्यावर दिसतो तसा. केंद्रक एका कडेला सरकलेलं, आणि त्याला लागून एक फिकट चंद्रकोर. शेजारच्या तांबड्या पेशीला टेकली की कड तिच्याभोवती वाकायची. १०० पांढऱ्या पेशी मोजल्या. ५४ लिम्फोसाइट निघाल्या, त्यांतल्या २३ अशा.

तो निळा रंग कशाचा, हे जाणून घेण्यासारखं आहे. पेशीच्या आत प्रथिनं बनवणारी यंत्रणा ज्या आरएनएनं भरलेली असते, तो आरएनए लीशमनमधला निळा रंग धरून ठेवतो. जितकी प्रथिनं जास्त बनतात तितकी पेशी निळी. फिकट चंद्रकोर म्हणजे बनलेलं प्रथिन बांधून बाहेर पाठवण्याची जागा. आणि हे प्रथिन म्हणजे अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. पूर्ण तयार झालेली एक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंड बाहेर टाकते. प्लाझ्मा पेशीच प्रतिपिंड बनवतात हे १९४८ साली अ‍ॅस्ट्रिड फाग्रेउस या स्वीडिश शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं.

अशा पेशी एरवी लसिका गाठींत, पाणथरीत, हाडांच्या मगजात असतात. बोटातून घेतलेल्या रक्तात त्या इतक्या संख्येनं दिसल्या म्हणजे आत कुठेतरी कारखाना तीन पाळ्यांत सुरू आहे. डेंग्यूत हे किती टोकाला जातं ते थायलंडमधल्या रुग्णांवरच्या २०१२ च्या अभ्यासात नोंदलंय. तापाच्या सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास या तरुण प्लाझ्मा पेशी रक्तातल्या लिम्फोसाइटच्या ३० टक्क्यांपर्यंत पोचल्या, निरोगी माणसाच्या मानानं सरासरी हजारपट. आमच्या मुलीचा शनिवारी सहावा दिवस होता.

काचेवरच्या सगळ्याच निळ्या पेशी प्रतिपिंड बनवणाऱ्या नव्हत्या. काही चेतलेल्या टी पेशीही असणार, त्या लिम्फोसाइटच, पण प्रतिपिंड न बनवणाऱ्या. साध्या रंगानं त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पण माझ्यापुरता निकाल लागला होता. जुन्या, बऱ्या झालेल्या डेंग्यूत रक्त असं दिसत नाही. कार्डावरची आयजीजीची रेघ जुन्या आजाराची खूण नव्हती. ती आत्ता, या आठवड्यात तयार होत होती.

मग आयजीएम कुठे गेलं?

यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एखादा विषाणू अंगात पहिल्यांदाच शिरतो तेव्हा त्याच्याशी जुळणाऱ्या बी पेशी, म्हणजे पुढे प्लाझ्मा पेशी होणाऱ्या लिम्फोसाइट, मोजक्याच असतात. बी पेशी विषाणूचा तुकडा पकडते, आत घेते, बारीक करते आणि आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. स्वतःच्या अधिकारात ती थोडंफार आयजीएम बनवू शकते. त्यापुढचं काम करायला तिला परवानगी लागते, आणि ती देते मदतनीस टी पेशी. या टी पेशीनंही तोच विषाणू दुसऱ्या वाटेनं ओळखलेला असावा लागतो. दोघींची गाठ लसिका गाठीत पडते. टी पेशी आपल्या अंगावरचं एक प्रथिन, त्याला सीडी-४० लिगँड म्हणतात, बी पेशीच्या सीडी-४० ला लावते आणि इंटरल्यूकिन-२१ सारखे संदेश सोडते. तिथून बी पेशी बदलते. ती झपाट्यानं वाढते आणि आयजीएमचं आयजीजी करते.

ही परवानगी किती खरी आहे ते काही मुलगे जन्मतःच दाखवतात. त्यांच्यात सीडी-४० लिगँडचं जनुक बिघडलेलं असतं. रक्तात आयजीएम भरपूर, आयजीजी जवळपास नाही, आणि लहानपणापासून एकामागून एक जंतुसंसर्ग. दोष टी पेशीत, बी पेशी धडधाकट. तरी आयजीजी बनत नाही.

परवानगी मिळाल्यावर काही बी पेशी लगेच कामाला लागतात, घाईनं, जसे जमतील तसे प्रतिपिंड बनवतात. बाकीच्या लसिका गाठीच्या आत एक वस्ती करतात, तिला जननकेंद्र म्हणतात. तिथे त्या आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बारीक बदल करत राहतात. बरेचसे बदल वाया जातात, एखादा बदल विषाणूला अधिक घट्ट धरतो. घट्ट धरणारी पेशी विषाणूचे जास्त तुकडे मिळवते, जास्त तुकडे मांडते आणि टी पेशीची मदत तिला जास्त मिळते. बाकीच्या मरून जातात. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती टंचाई. मदतनीस टी पेशी हव्या तेवढ्या नसतात, मोजक्याच असतात, आणि त्या मोजक्या आहेत म्हणूनच निवड होते. भरमसाठ असत्या तर ढिसाळ धरणाऱ्या बी पेशीही तगल्या असत्या. शिवाय लगाम धरणाऱ्या वेगळ्या नियामक टी पेशीही तिथेच वावरतात. विषाणू संपत आला, दाखवायला तुकडे उरले नाहीत, की वस्ती मोडते. घाईनं बनलेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी काही दिवसांत मरतात. निवडून निघालेल्या काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं राहतात, काही स्मृतिपेशी म्हणून थांबतात.

हा सगळा क्रम पहिल्या आजाराचा. त्यात आयजीएम तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं, आयजीजी त्यामागून.

दुसऱ्या खेपेला स्मृतिपेशी तयार असतात आणि त्या आधीच आयजीजीवर गेलेल्या असतात. त्यांना ओळखणाऱ्या टी पेशीही भरपूर असतात, त्यामुळे परवानगीसाठी थांबणं नाही. दोन-चार दिवसांत आयजीजी उसळतं. आयजीएम मागे पडतं, कमी राहतं, कधी कार्डाला दिसतही नाही. आणि तेच आयजीजी रक्तातल्या एनएस-१ प्रथिनाला चिकटून त्याला झाकून टाकतं, म्हणून तीही खिडकी लवकर कोरी होते. पाचव्या दिवशी आलेल्या मुलीचं कार्ड असंच दिसणार होतं. तिच्या प्रतिकारशक्तीनं जोरात काम केलं, म्हणून तपासणी नकारार्थी भासली.

तिसरीतला ताप

आईला विचारलं, लहानपणी कधी असा ताप आला होता का? तिला वर्ष आठवेना, पण पाणी आठवलं. "रेल्वेनं पाणी आलतं बघा लातुराला, त्या साली. तिसरीला होती ही. मामाकडं ठिवली होती इथं. पंधरा दिवस उठली न्हवती." मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली ती एप्रिल २०१६ मध्ये. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि शहरातल्या घराघरात मिळेल त्या भांड्यात, बॅरलमध्ये, टाकीत पाणी साठवलेलं होतं. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या काठाला अंडी घालतो आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. तेव्हा तिची तपासणी कुणी केली नव्हती, म्हणून तो डेंग्यूच होता असं कागदावर लिहिता येणार नाही. पण इतक्या लवकर उसळलेल्या आयजीजीला कुठली तरी जुनी स्मृती लागते.

संध्याकाळी वडील आले. त्यांचा प्रश्न सरळ होता. "एकदा येऊन गेला म्हंता तर मग अंगात ताकद यायला पायजे की, मॅडम. जास्त कसा झाला?"

मी त्यांना बियाण्याचं उदाहरण दिलं. "दादा, घरचं बियाणं राखून ठेवलं असलं की पाऊस पडल्या पडल्या पेरणी होते, बाजारात जावं लागत नाही. पण समजा राखलं होतं हलक्या रानाला मानवणारं आणि या वर्षी पेरायचंय काळ्या रानात. पेरणी सगळ्यांच्या आधी होईल, पण वाण जुळणार नाही." ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे घाई झाली."

घाईच म्हणायची. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, एकमेकांसारखे पण एक नव्हेत. एका प्रकारचा आजार होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून काही महिनेच. पुढे दुसरा प्रकार आला की जुन्या स्मृतिपेशी आधी धावतात आणि जुन्याला घट्ट बसतील असे प्रतिपिंड बनवतात. नव्या विषाणूला ते चिकटतात खरे, पण निकामी करत नाहीत. आपल्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींच्या अंगावर प्रतिपिंडाची शेपटी धरणाऱ्या खुंट्या असतात. अर्धवट चिकटलेला प्रतिपिंड विषाणूसकट त्या खुंटीवर अडकतो आणि विषाणू पेशीच्या आत पोचतो, जिथे त्याला वाढायचंच असतं. बँकॉकमधल्या मुलांचा अभ्यास करून स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकापासून ही गोष्ट पुढे मांडली. २०१७ साली निकाराग्वातल्या हजारो मुलांच्या दीर्घ पाहणीत दिसलं की प्रतिपिंड खूप असलेली मुलं सुरक्षित, अजिबात नसलेलीही त्या मानानं सुरक्षित, आणि मधल्या पातळीवरच्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून नुसती प्रतिपिंडं "आहेत" या शब्दाला अर्थ नाही. किती आहेत आणि कोणत्या विषाणूवर घडलेली आहेत, हे विचारावं लागतं.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली बहुतेक माणसं सुखरूप बरी होतात, तेव्हा हे वाचून कुणी धसका घेऊ नये. आणि निळ्या पेशींचा पूर आणि रक्तातलं पाणी झिरपणं यांची वेळ एकच असली, तरी एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. झिरपण्यामागे विषाणूचं एनएस-१ प्रथिन आणि चेतलेल्या पेशींनी सोडलेली रसायनं आहेत. निळ्या पेशी मला घड्याळासारख्या उपयोगी पडतात. आजार कुठल्या टप्प्यावर आला ते सांगतात.

रुग्णालयातले चार दिवस

दाखल झाली तेव्हा रक्तदाब १००/८४ होता. वरचा आकडा बरा दिसतो म्हणून पुष्कळदा इथेच फसगत होते. दोन आकड्यांत अंतर १६ चं, आणि ते २० किंवा त्याखाली आलं की शॉक सुरू झाला असं समजून चालायचं. हातपाय गार होतेच. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या तासाला किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे ४६० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाइन) दिलं, आणि नंतर दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघत वेग कमी करत नेला. सोनोग्राफीत उजव्या छातीच्या पोकळीत थोडं पाणी, पित्ताशयाची भिंत सुजलेली. रविवारी प्लेटलेट २१,००० पर्यंत उतरल्या. नातेवाईक प्लेटलेटची पिशवी शोधायला निघाले होते, सोलापूरपर्यंत फोन झाले. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. रक्तस्राव नव्हता, आणि तशा वेळी नुसत्या आकड्यासाठी पिशव्या चढवून फायदा होत नाही. त्या डॉक्टरांचं मला फार मोल वाटलं, कारण दारात दहा माणसं उभी असताना "नको" म्हणणं सोपं नसतं.

सोमवारी, आठव्या दिवशी, हिमॅटोक्रिट ३७ वर आलं, लघवी भरपूर होऊ लागली आणि सलाइन थांबवलं. बाहेर झिरपलेलं पाणी या टप्प्यावर परत रक्तात येतं, तेव्हा सलाइन चालूच ठेवलं तर छातीत पाणी भरतं. पायांवर लाल पुरळ, मधे मधे पांढरे ठिपके, आणि खाज. आईनं ती खाज बघून पुन्हा काळजी केली, पण ते बरं होण्याचं लक्षण होतं. मंगळवारी घरी सोडलं.

शनिवारच्याच नमुन्याची एलायझा तपासणी करून घेतली होती. आयजीएम जेमतेम पॉझिटिव्ह, आयजीजी खूप वर, दोन्हींचं गुणोत्तर १ च्या खाली. दुसऱ्यांदा झालेल्या डेंग्यूचं चित्र असंच असतं. कार्डाला जे आयजीएम दिसलं नाही ते एलायझानं उचललं.

तीन आठवड्यांनी ती स्वतः आली. वजन दोन किलो उतरलेलं, केस गळतायत अशी तक्रार, आणि चाचणी परीक्षा बुडल्याचं दुःख त्याहून मोठं. रक्त घेतलं, काच बघितली. लिम्फोसाइट पुन्हा छोट्या, फिकट किनारीच्या, एखाद-दुसरीच जराशी निळसर. तिला भिंगातून बघायचं होतं म्हणून शनिवारची जपून ठेवलेली काचही लावली. जीवशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र तिला पाठ होतं. डोळा भिंगाला लावून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ह्या माझ्या आहेत?"

जाताना आईनं धाकट्याबद्दल विचारलं. तोही त्या साली मामाकडेच होता, त्यालाही ताप आला होता. मी त्याच्या नावापुढे वहीत तेवढं लिहून ठेवलं, आणि आईला सांगितलं की त्याला ताप आला तर कार्डापाशी थांबायचं नाही, तो उतरल्यावर दोन दिवस रोज रक्त तपासायचं.

त्या शनिवारपासून आमच्या फॉर्मवर "तापाचा कितवा दिवस" आणि "पूर्वी असा ताप आला होता का" हे दोन रकाने आहेत. कार्डावर आयजीजीची रेघ एकटी आली आणि ताप चालू असला किंवा नुकताच उतरला असला, तर टेक्निशियन रिपोर्ट छापत नाही. तो आधी काच ओढतो आणि मला हाक मारतो.